टोकियोत कोणी टोकत नाही : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

निशिकासाईकर (धागाकर्ती)

गेली अकरा वर्षे मी टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागात राहते. दर वर्षी चेरीचा बहर जवळ आला की ओळखीतल्या कोणाचे ना कोणाचे आईवडील किंवा सासूसासरे यायला निघतात आणि तेच प्रश्न पुन्हा फोनवर येऊ लागतात. त्यामुळे एकदाच सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले. प्रेक्षणीय स्थळांची माहिती कुठेही मिळते, म्हणून ती येथे देत नाही.

सर्वप्रथम एक गोष्ट सांगते. आपल्याकडे चुकलेल्या माणसाला चारचौघे टोकतात. देवळात चप्पल घालून कोणी चार पावले टाकली तर पाचव्या पावलाला कोणीतरी हटकतेच. टोकियोत कोणी टोकत नाही. चूक सर्वांना दिसते, शेजारी बसलेला किंचित सरकून बसतो आणि आपल्याला वाटते की सगळे ठीक चालले आहे. मी हे कसे शिकले तेही सांगते. येथे आल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही घरी गणपती बसवला आणि संध्याकाळी झांजा वाजवून मनसोक्त आरत्या म्हटल्या. दाराशी कोणी आले नाही, जिन्यात भेटलेले शेजारी नेहमीप्रमाणे किंचित झुकून नमस्कार करून गेले. चौथ्या दिवशी इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर एक कागद लागला. ‘संध्याकाळच्या वेळी आवाजाबाबत सर्व रहिवाशांनी कृपया काळजी घ्यावी’, एवढाच मजकूर होता. ना नाव, ना घरक्रमांक. त्या इमारतीत झांजा असलेले घर एकच होते.

तेव्हा आवाजापासूनच सुरुवात करते. लोकल गाडीत आणि मेट्रोत फोनवर बोलत नाहीत. फोन मूक ठेवण्याची विनंती घोषणेतही केली जाते आणि अगदीच निकड असेल तर लोक पुढच्या स्थानकावर उतरून बोलतात. आपापसांत हळू बोलायला हरकत नाही, परंतु आपला ‘हळू’ आणि त्यांचा ‘हळू’ यांत बरेच अंतर आहे. पुण्यातल्या मावशीला व्हिडिओ कॉलवर गाडीची खिडकी दाखवण्याचा मोह आवरावा. रोजच्या लोकलमध्ये डबा उघडून खाणेही बरे दिसत नाही. मात्र शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, खुशाल खावे, कारण त्या गाडीसाठी स्थानकांवर खास डबे विकले जातात आणि सगळा डबा जेवत असतो. आपल्या थेपल्यांना तिथे पूर्ण मुभा आहे.

दुसरी अडचण कचऱ्याची. इतक्या स्वच्छ शहरात रस्त्यावर कचराकुंडी दिसत नाही, याचे सर्वांनाच नवल वाटते. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या मेट्रोत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक जागांतल्या बऱ्याच कुंड्या काढून टाकण्यात आल्या. पेयांच्या यंत्राशेजारी असलेली गोल भोकांची पेटी केवळ बाटल्या आणि डबे यांच्यासाठी असते, तिच्यात वेष्टने कोंबू नयेत. पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवावी आणि दिवसभराचा कचरा मुक्कामी आणावा. सोबत एक हातरुमालही हवाच, कारण कितीतरी स्वच्छतागृहांत हात पुसायला काहीच नसते.

पाऊलवाट

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझे आईबाबा (वय ६४ आणि ६८) एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासोबत दहा दिवसांसाठी येत आहेत. आई अंडेही खात नाही. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. ‘जपानमध्ये बौद्ध धर्म आहे, त्यामुळे शाकाहार सहज मिळेल’ असे आमच्या एका परिचितांनी छातीठोकपणे सांगितले आहे. हे कितपत खरे? आणि औषधे दहा दिवसांची आणावीत की जास्त?

निशिकासाईकर

परिचितांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या भरवशावर आईंना उपाशी ठेवू नका. बौद्ध मठांतले ‘शोजिन र्‍योरी’ नावाचे शाकाहारी जेवण आहे आणि ते सुरेखही असते, परंतु ते प्रसंगाने घेण्याचे आणि बहुधा महाग असते. रोजच्या जेवणात मुख्य अडचण मांसाची नाही, ‘दाशी’ची आहे. दाशी म्हणजे येथील स्वयंपाकाचे मूळ पाणी. ते बहुतेक वेळा बोनिटो माशाच्या वाळवलेल्या कापांपासून आणि कोंबू या समुद्री वनस्पतीपासून काढतात. आपल्याकडे फोडणी जशी गृहीत धरलेली असते तशी येथे दाशी असते. त्यामुळे नुसत्या भाज्यांच्या रश्श्यात, टोफूवरच्या सॉसमध्ये, सोबा नूडल्सच्या पाण्यात आणि मिसो सूपमध्येही मासा असतो, तरी वाढणारी मुलगी मनापासून सांगते की ‘यात मांस नाही’. ती खोटे बोलत नसते. ‘निकु’ या शब्दात मासा येत नाही. म्हणून ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ (मांस आणि मासे खात नाही) आणि त्यापुढे ‘दाशी मो दामे देस’ (दाशीही चालत नाही) ही दोन वाक्ये पाठ करावीत, किंवा त्याहून बरे म्हणजे जपानी लिपीत लिहून घेतलेले कार्ड दाखवावे. अंड्यासाठी ‘तामागो’ हा शब्द त्यात घालावा.

त्यावर समोरचा माणूस मान थोडी तिरकी करून, दातांतून श्वास ओढत ‘चोत्तो...’ असे म्हणाला आणि पुढे बोललाच नाही, तर ते स्पष्ट ‘नाही’ आहे असे समजावे. ‘चोत्तो’चा अर्थ ‘थोडेसे’ असा आहे आणि आपले लोक तो ‘थोडे थांबा’ असा घेऊन तिथेच उभे राहतात.

औषधांबाबत : डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरती आणता येतात, त्याहून अधिक हवी असल्यास निघण्यापूर्वी ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. दहा दिवसांच्या मुक्कामासाठी पंधरा दिवसांची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणलीत की पुरे. मात्र घरातली सर्दीची गोळी पर्समध्ये सहज टाकू नका. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधे येथे आणायला बंदी आहे आणि आपल्याकडे सर्दीच्या काही गोळ्यांत ते असते. गोळीच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ती बॅगेत घालू नये.

याच ओघात सांगते, ताजी फळे, भाज्या आणि पाने वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. दर वर्षी कोणाची तरी आई कढीपत्त्याची जुडी आणि चार हापूस वर्तमानपत्रात गुंडाळून आणते आणि विमानतळावर डोळ्यांदेखत सोडून देते. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. चिवडा, लाडू, मेतकूट आणि खाकरे बिनदिक्कत आणावेत.

खमंग

धागाकर्तींशी बहुतांशी सहमत आहे, परंतु आईंना इतके घाबरवण्याची गरज नाही. ओकाचिमाची हे स्थानक लक्षात ठेवा. तेथे रत्ने आणि दागिने यांचा घाऊक बाजार आहे, त्या व्यवसायातील जैन कुटुंबे तेथे स्थायिक आहेत आणि साहजिकच शुद्ध शाकाहारी जेवण मिळते. उएनोच्या संग्रहालयांपासून तेथे चालत जाता येते, त्यामुळे दिवसाची आखणी त्याप्रमाणे करता येईल. टोकियो स्थानकात, तिकीट तपासणाऱ्या दारांच्या आतल्या बाजूला ‘टीज तानतान’ नावाचे रामेनचे, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचे, दुकान आहे. तेथे सगळेच पदार्थ पूर्णतः वनस्पतीजन्य असतात, दाशीची चौकशी करावी लागत नाही. आईंना एकदा तरी अस्सल जपानी पद्धतीचा वाडगा समोर घेऊन बसल्याचे समाधान मिळू द्या. नूडल्स ओढताना सुर्र आवाज झाला तरी चालतो. टोकियोत आवाज करायची मुभा असलेली ही बहुधा एकमेव जागा असावी.

चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत ‘उमे’चा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, ओनिगिरी (भाताचा गोळा) मिळतो. आपल्या लोणच्याच्या जवळची चव आहे. मात्र घटकपदार्थ फोनवर भाषांतर करून पाहावेत, कारण कोंबूच्या ओनिगिरीत पुष्कळदा बोनिटो असतो आणि काही दह्यांतही जिलेटिन असते. पैसे देताना विचारतात तो ‘फुकुरो’ म्हणजे पिशवी. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. पैसे हातात न देता समोरच्या तबकात ठेवावेत. उपाहारगृहांत बक्षिसी देण्याची पद्धत नाही. टेबलावर नाणी सोडून निघालात तर विसरलेली समजून मुलगी ती घेऊन रस्त्यापर्यंत धावत येईल.

चॉपस्टिक्सबाबत दोनच गोष्टी पाळल्या तरी पुरे : त्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नये. पहिली कृती मृतासमोर ठेवलेल्या भाताची आणि दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची आठवण करून देते. आपण पिंडाच्या बाबतीत जसे चपापतो तसेच ते चपापतात, फक्त बोलत नाहीत. काटाचमचा मागण्यात काहीच कमीपणा नाही.

रेल्वेवेडा

आता माझा विषय. टोकियोत एक रेल्वे नाही. जेआर (जपान रेल्वे), टोकियो मेट्रो (९ मार्ग), तोएई भुयारी रेल्वे (४ मार्ग) आणि त्याशिवाय अनेक खासगी कंपन्या आहेत. एका कंपनीच्या गाडीतून दुसरीच्या गाडीत गेलात की भाडे बहुधा नव्याने सुरू होते, म्हणून नकाशावर जवळचा दिसणारा मार्ग महाग पडू शकतो. सुइका किंवा पास्मो यांपैकी कोणतेही एक कार्ड घ्या. ते शहरातील जवळजवळ सर्व गाड्यांत, बसमध्ये आणि दुकानांतही चालते. साध्या सुइकासाठी ५०० येन अनामत असते. पर्यटकांसाठीच्या वेलकम सुइकाला अनामत नाही, परंतु ते २८ दिवसच चालते आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. सहा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे पडते.

कार्डात पैसे कमी पडले आणि बाहेर पडतानाचे दार बंद झाले तर मुंबईच्या सवयीने पोटात गोळा येतो. येथे दंड नाही. दाराच्या आतल्याच बाजूला भाडे पुरे करण्याचे यंत्र असते, त्यात उरलेली रक्कम भरावी आणि निघावे. हे यंत्र पाहून माझ्या वडिलांनी ‘यांना टीसी परवडत नाही की काय’ असे विचारले होते.

यामानोते हा फिकट हिरव्या रंगाचा वर्तुळाकार मार्ग ३४.५ किलोमीटरचा असून त्यावर ३० स्थानके आहेत. चुकून उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तरी सुमारे तासाभरात प्रदक्षिणा पूर्ण होऊन तेथेच परत याल, तेव्हा ज्येष्ठांना हाच मार्ग प्रथम शिकवावा. शिंजुकू स्थानकाला दोनशेच्या आसपास दारे आहेत, तेथे ‘बाहेर भेटू’ असे कधीही ठरवू नये. दाराचे नाव ठरवावे. सकाळी साडेसात ते साडेनऊ आईबाबांना घेऊन गाडीत चढू नये. त्या वेळेत काही मार्गांवर महिलांसाठी राखीव डबे असतात आणि फलाटावर गुलाबी खूण असते; पुरुषांनी ती पाहून उभे राहावे, कारण आत शिरल्यावर येथेही कोणी टोकणार नाही. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. जिन्यावर चालूच नका, दोन्ही बाजूंना उभे राहा, असे आता फलक लावून सांगतात, पण सवय मोडलेली नाही. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि नंतर पहाटे पाचपर्यंत टॅक्सीशिवाय गत्यंतर नसते. टॅक्सीचे मागचे दार चालक आतून उघडतो आणि बंद करतो, त्याला हात लावू नये.

जपान रेल पासविषयी, म्हणजे ठरावीक दिवस जेआरच्या गाड्यांतून फिरण्याच्या पर्यटक-पासविषयी, जुन्या लेखांवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियोहून क्योतोचे एकवेळचे भाडे सुमारे १४,००० येन आहे. केवळ क्योतोला जाऊन येणार असाल तर पास घेण्यात नुकसान आहे.

चतकोर

सर्वांच्या ज्ञानाबद्दल आदर बाळगून एक शंका मांडतो. इतके जपून वागायचे असेल तर त्याला सहल म्हणावे की परीक्षा? आपण पैसे खर्चून जातो, कोणाचे काही बिघडवत नाही. पर्यटकांकडून स्थानिकांनीही थोडे सोसावे, अशी अपेक्षा का करू नये?

निशिकासाईकर

चतकोर, ते सोसतातच, आणि म्हणूनच तर हा धागा काढला. चूक झाली म्हणून तुम्हाला कोणी दंड करणार नाही, हाकलणार नाही आणि तुमच्याशी उद्धटपणेही वागणार नाही. परंतु ‘मेइवाकु’ हा शब्द येथे लहान मुलांना फार लवकर शिकवला जातो. त्याचा अर्थ आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा उपद्रव. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने माणूस वागतो; येथे लोक काहीच म्हणणार नाहीत, म्हणून आधीच जपायचे असते. त्यात घुसमटही आहे, हे अकरा वर्षांनंतर मी अमान्य करणार नाही. कधी कधी वाटते, एखाद्या काकूंनी सरळ दार वाजवून ‘अहो, जरा हळू’ असे म्हटले असते तर आमची ओळख तरी झाली असती.

आणि एक सोपी गोष्ट : चुकलो असे वाटले की ‘सुमिमासेन’ म्हणावे आणि किंचित झुकावे. माफ करा, जरा ऐकता का, आभारी आहे, अशा तिन्ही ठिकाणी तो एकच शब्द चालतो.

उंबरठा

जोड्यांविषयी कोणी लिहिले नाही. घरांत, पारंपरिक निवासांत आणि बऱ्याच उपाहारगृहांतही उंबरठ्याजवळच्या खोलगट जागेत जोडे काढून, टोके दाराकडे करून ठेवतात. हे आपल्याला शिकवावे लागत नाही. चुकते ते पुढे. लाकडी जमिनीवर सपाता घालायच्या, तातामीच्या चटईवर त्याही काढायच्या आणि शौचालयाच्या दाराशी ठेवलेल्या वेगळ्या सपाता फक्त आत वापरायच्या. त्याच सपातांनी बैठकीच्या खोलीत परत येणे ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. आईंना चपलांची सवय असेल तर पायमोजे सोबत असू द्या, अनवाणी पाय फारसे चालत नाहीत.

शौचालयांबाबत मात्र आपल्या ज्येष्ठांचे मन येथे फारच रमते. युरोपच्या सहलीत जी पाण्याची सोय न मिळाल्याने ते हवालदिल होतात, ती येथे बटण दाबून, कोमट पाण्यासह मिळते. फक्त एक सूचना : भिंतीवरचे प्रत्येक बटण पाणी सोडण्याचे नसते. माझ्या वडिलांनी एका दुकानात फ्लश समजून मदतीची घंटा दाबली आणि दोन कर्मचारी दाराबाहेर अत्यंत चिंतातुर आवाजात विचारपूस करू लागले. फवारा थांबवण्याच्या बटणावर बहुधा चौकोनाची खूण असते. आधी ते शोधून ठेवावे.

विजेचा दाब येथे १०० व्होल्ट असून चपट्या दोन पात्यांची पिन लागते. फोनचे चार्जर चालतात, परंतु भारतातली छोटी किटली किंवा भाताचे भांडे आणलेत तर ते जेमतेम पाचव्या हिश्शाच्या ताकदीने तापते. चहा होईपर्यंत सूर्यास्त होतो.

भूकंपाचा हादरा बसला तर घाबरून जिन्याकडे धावू नये, टेबलाखाली डोके सांभाळून बसावे आणि उद्वाहन वापरू नये. मोठ्या हादऱ्यापूर्वी काही सेकंद सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात, याची कल्पना आईबाबांना आधीच द्यावी. रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. पारपत्र कायम जवळ बाळगणे परदेशी पाहुण्यांना कायद्याने बंधनकारक आहे, ते हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नये.

पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार, सगळे छापून घेतले आहे. शेवटचा प्रश्न. आईला देवळांत जायचे आहे आणि तेथे कसे वागावे याची तिला आतापासून चिंता लागली आहे.

निशिकासाईकर

शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे देवस्थान असेल, उदाहरणार्थ मेइजी जिंगू, तर प्रवेशाशी ‘तोरी’ ही लाकडी किंवा दगडी कमान दिसते. तेथे दोनदा झुकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा झुकायचे. बौद्ध मंदिरात, म्हणजे आसाकुसाच्या सेन्सोजीसारख्या ठिकाणी, टाळ्या वाजवत नाहीत. हात जोडणे पुरेसे असते. ते आईंना उत्तम येते.

आसाकुसाला जाणारच असाल तर सुमिदा नदीच्या काठाने थोडे पुढे चालत ‘मात्सुचियामा शोदेन’ला त्यांना अवश्य न्या. सेन्सोजीत पाय ठेवायला जागा नसते तेव्हाही येथे शांतता असते. शोदेन किंवा कांगितेन म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्मासोबत भारतातून चीनमार्गे येथवर पोहोचलेला. मूर्ती कोणालाही दाखवत नाहीत, त्यामुळे सोंड दिसेल या आशेने जाऊ नये. पायऱ्यांवर आणि दारांवर मुळ्याचे आणि पैशांच्या बटव्याचे चिन्ह कोरलेले आहे. येथे दूर्वा नाहीत, या देवाला अखंड पांढरा मुळा वाहतात आणि तो मंदिराच्या आवारातच विकत मिळतो.

पाऊलवाट

आम्ही काल परतलो. उपासमार झाली नाही, ओकाचिमाचीला तीनदा जेवलो. बाबांनी पहिल्याच दिवशी गाडीत मोठ्याने ‘अगं, आपलं उतरायचं आलं का’ असे विचारले आणि अख्खा डबा फोनमध्ये अधिकच खोल पाहू लागला. त्यानंतर दहा दिवस ते खुणांनी बोलत होते. मदतीची घंटा मीच दाबली.

शोदेनला आईने मुळा वाहिला. देव दिसला नाही म्हणून ती थोडी हिरमुसली होती, परंतु निघताना तेथे आधी वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून भाविकांसाठी ठेवलेले होते, त्यांतला एक तिने पदराखाली धरून आणला. त्या रात्री मैत्रिणीच्या घरी जेवायला होतो. आईने त्याची कोशिंबीर केली, वरून दाण्याचे कूट आणि हिंगाची फोडणी घातली. फोडणीचा आवाज शेजारी गेला असेल का, असे बाबांनी हळूच विचारले.